जुने आउटबोर्ड इंजिन घेताना : झाकण राहू द्या, आधी खालचा भाग उतरवून पाहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. दाभोळच्या खाडीकाठी आपले वडिलोपार्जित घर आहे. सुटीत चार माणसांनी खाडीत फिरावे, गळ टाकून बसावे, एवढ्यासाठी आपण १६ फुटी फायबरची होडी घेतली आहे. गावातल्याच एका मच्छीमाराकडे १५ अश्वशक्तीचे, साधारण १२ वर्षे वापरलेले टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचे, इंजिन विकायला आहे आणि त्याचे तो ६५ हजार रुपये मागतो. इंजिन एका ओढीत चालू होते, वरचे झाकण चकचकीत आहे, मे महिन्यापासून ते पडवीत लाकडी घोडीवर उभे आहे. ही किंमत रास्त आहे का आणि घेण्याआधी काय तपासावे, असे आपण विचारले आहे.

मालवणला गेली २५ वर्षे मी हीच इंजिने दुरुस्त करतो, आणि हा प्रश्न माझ्याकडे दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आसपास कोणी ना कोणी घेऊन येतो. किमतीचा भाग मी शेवटी घेईन, कारण माझ्या मते आपला खरा प्रश्न वेगळा आहे. ओहोटी जोरात लागलेली असताना, चार माणसे होडीत बसलेली असताना आणि खाडीचे तोंड मागे उघडे असताना हे इंजिन आपल्याला काठावर परत आणील का? आणि एखादा भाग तुटला तर तो आठवडाभरात मिळेल का? एका ओढीत चालू होणे ही चांगली गोष्ट आहे, पण तिच्यावरून या दोन प्रश्नांचे उत्तर मिळत नाही. इंजिन चालू होण्यासाठी ठिणगी, पेट्रोल आणि थोडेफार कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, पुरते. घरी परत येण्यासाठी थंड करणारे पाणी, गिअर, पाणी आत येऊ न देणारी रबरी सील आणि होडी पुढे ढकलणारा पंखा हे सगळे अर्धा तास भाराखाली टिकावे लागते. हे सगळे झाकणाच्या खाली, बरेचसे तर पाण्याखाली असते, आणि नेमके तेच विकत घेणारा माणूस पाहत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. धंद्यात नवा असताना मी एक रंगवलेले, देखणे इंजिन घेतले. पिंपात पाणी भरून चालवले तेव्हा ते घड्याळासारखे चालत होते. पहिल्याच आठवड्यात दोन चुलत भावांना घेऊन देवबागला गेलो. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते आणि ओहोटीचे पाणी संगमाकडे जोराने धावते. परत वळलो आणि वेग वाढवला, तर इंजिनाचा आवाज चढला, पण होडी जागची हलेना, उलट मागे सरकू लागली. पंख्याच्या मध्यभागी रबराची बुशी असते. पंखा कशाला आपटला तर गिअर वाचावेत म्हणून ती घसरते. ती जुनी होऊन सैल झाली होती आणि भार येताच आतल्या आत फिरत होती. पिंपात होडी ढकलायची नसल्यामुळे हा दोष तिथे दिसणे शक्यच नव्हते. नांगर टाकला, तो सुदैवाने धरला, आणि भरती लागेपर्यंत आम्ही जवळजवळ पाच तास तिथेच बसून राहिलो. त्या दिवसापासून पिंपातल्या चाचणीवर मी कोणालाही पैसे देऊ देत नाही.

आता क्रमाने पाहू. काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो, कारण त्यांत गफलत झाली तर उत्तम इंजिनही निरुपयोगी ठरते.

पहिली गोष्ट शाफ्टच्या लांबीची. होडीची मागची उभी फळी, जिला ट्रान्सम म्हणतात, तिची उंची मोजा: इंजिनाचे क्लँप जिथे बसतात त्या वरच्या कडेपासून होडीच्या तळापर्यंत. ती १५ इंचांच्या आसपास असेल तर आखूड शाफ्टचे इंजिन लागते, २० इंचांच्या आसपास असेल तर लांब शाफ्टचे. पंख्याच्या बरोबर वर जी आडवी सपाट पट्टी असते ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा त्याखाली जेमतेम एक इंच यायला हवी. आखूड इंजिन उंच ट्रान्समवर लावले तर पंखा हवा ओढतो, लाटेवर पाणी घेण्याची जाळी उघडी पडते आणि इंजिन तापते. लांब इंजिन बुटक्या ट्रान्समवर लावले तर ते पाणी कापत ओढत राहते आणि ओहोटीत प्रत्येक वाळूच्या पट्ट्यावर घासते. विकणारा "थोडे वर उचलून बसवा" म्हणाला तरी ऐकू नका.

दुसरी गोष्ट अश्वशक्तीची, आणि ती होडीच्या तळावर ठरते. तळ सपाट आणि मागे रुंद असेल तर १५ अश्वशक्तीला हलक्या भारात होडी पाण्यावर उचलली जाईल. चार मोठी माणसे बसली तर कदाचित नाही. होडी जुन्या घाटाची, गोल तळाची आणि अरुंद असेल तर ती तासाला साधारण पाच सागरी मैलांपलीकडे जाणारच नाही, मग मागे कितीही मोठे इंजिन लावा, तिला ९.९ अश्वशक्तीही पुरते. म्हणून १५ चे इंजिन नीट मिळाले तर घ्या, पण केवळ आकडा मोठा म्हणून जास्त पैसे देऊ नका. आणखी एक सावधगिरी अशी की काही कंपन्यांच्या ९.९ आणि १५ अश्वशक्तीच्या इंजिनांचा गाभा एकच असतो आणि फरक मुख्यतः कार्ब्युरेटरसारख्या भागांत असतो. त्यामुळे झाकणावरच्या आकड्याला मी किंमत देत नाही. झाकण दुसऱ्या इंजिनाचेही असू शकते. क्लँपच्या ब्रॅकेटवर धातूची किंवा स्टिकरची पट्टी असते, तिच्यावरचा मॉडेल कोड आणि अनुक्रमांक खरा.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. आपण कंपनीचे नाव लिहिलेले नाही. आपल्या किनाऱ्यावर यामाहा आणि सुझुकीची छोटी टू-स्ट्रोक इंजिने पुष्कळ चालतात आणि त्यांचे भाग व जाणते मेकॅनिक मिळतात. हे इंजिन जॉन्सन किंवा एव्हिनरूड असेल तर थांबून विचार करा. त्यांची मूळ कंपनी २००० साली दिवाळखोरीत निघाली आणि नंतर ज्यांनी ती नावे घेतली त्यांनीही २०२० मध्ये आउटबोर्ड बनवणे बंद केले. इंजिने वाईट नव्हती, पण दाभोळमध्ये बसून त्यांच्या भागांची वाट पाहणे आपल्याला परवडणार नाही. फोर-स्ट्रोकचा पर्याय आपण विचारलेला नाही, म्हणून एवढेच सांगतो की त्याच शक्तीचे फोर-स्ट्रोक दहा-बारा किलोंनी जड असते. आपल्याला इंजिन दर वेळी काढून घरात आणायचे असेल तर हे वजन लक्षात घ्या.

आता प्रत्यक्ष तपासणी. मी आधी झाकण उघडत नाही; बोल्टांची डोकी पाहतो. खालचा गिअरचा भाग, ज्याला मी पुढे पाय म्हणेन, तो वरच्या दांड्याला चार-सहा बोल्टांनी धरलेला असतो. पाण्याचा पंप या पायाच्या माथ्यावर बसतो आणि त्याच्यात रबरी पात्यांचे चाक असते, ज्याला इम्पेलर म्हणतात. खाऱ्या पाण्यात वापरणाऱ्याने ते वर्षा-दोन वर्षांनी बदलायला हवे, आणि ते बदलायचे तर पाय उतरवावाच लागतो. म्हणजे १२ वर्षांच्या इंजिनाचा पाय निदान पाच-सहा वेळा उतरलेला असायला हवा. बोल्टांवर पान्याच्या खुणा असतील, आट्यांत ग्रीस दिसत असेल, तर कोणीतरी त्या इंजिनाची काळजी घेतलेली आहे. बोल्टांवर कंपनीचा मूळ रंग जसाच्या तसा असेल, किंवा डोक्याभोवती मिठाची पांढरी फुले आली असतील, तर ते कधीच उघडलेले नाहीत. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे राहिला की तो तिथेच धरतो, आणि उघडायला गेलात की डोके हातात येते आणि अर्धा बोल्ट आत राहतो. तो काढायला छिद्र पाडा, आटे नव्याने पाडा, यात एक दिवस आणि बरेच पैसे जातात.

म्हणून माझा आग्रह असतो की विकणाऱ्याच्या संमतीने, जाणत्या मेकॅनिकच्या हातून पाय उतरवून पाहावा. गिअरची सळई सोडवली आणि बोल्ट काढले की चांगल्या ठेवलेल्या इंजिनाचा पाय हाताच्या झटक्याने खाली येतो. तो आला की मला जे हवे ते निम्म्याहून अधिक कळते. इम्पेलरची पाती सरळ आणि लवचिक आहेत की एका बाजूला कायमची वळली आहेत? आपल्या बाबतीत इंजिन मेपासून कोरडे उभे आहे, त्यामुळे पाती वळलेली निघण्याची शक्यता मोठी आहे. तो दोष नाही, नवीन इम्पेलर घालायचा एवढेच. मात्र एखादे पाते तुटून गायब असेल तर तो तुकडा कुठे गेला हे शोधावे लागते, कारण तो पाण्याच्या वाटेत वर अडकतो आणि नवा इम्पेलर घातल्यावरही इंजिन तापत राहते. पाणी वर नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी मिठाचा थर किती आहे तेही पाहा. तिथे जाड कवच असेल तर सिलिंडरभोवतीच्या वाटाही तशाच बुजल्या असणार, आणि हे इंजिन गोड्या पाण्याने धुतले जात नव्हते हे त्यावरून उघड होते.

विकणारा पाय उतरवायला नाही म्हणाला तर त्याच्यावर लगेच संशय घेऊ नका. बोल्ट तुटला तर नुकसान कोणाचे, ही त्याची भीती खरी आहे. आधीच ठरवा की मेकॅनिकची मजुरी आपण द्याल आणि काही तुटले तर खर्च निम्मा-निम्मा. एवढ्यावर बहुतेक लोक तयार होतात. त्यानंतरही जो नाही म्हणेल त्याच्या बोल्टांची अवस्था त्याला ठाऊक असते, असा माझा अनुभव आहे.

पाय जागेवर असतानाच, म्हणजे उतरवण्याआधी, गिअरचे तेल पाहायचे असते. इंजिन रात्रभर उभे राहिलेले हवे, कारण पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. सकाळी खालचा स्क्रू थोडासा सैल करा आणि पहिले काही थेंब बोटावर घ्या. आधी स्वच्छ पाणी आले, किंवा तेल दुधाळ चहासारखे निघाले, तर कुठलेतरी सील गेले आहे. स्क्रूच्या टोकाला चिकटलेली बारीक पूड नेहमीची आहे, परंतु चकाकणारे टोकदार कण बोटाला टोचले तर गिअरचे दात झिजत किंवा तुटत आहेत. तेल अगदी नवे कोरे दिसले तर ते कालच बदललेले असू शकते आणि त्यावरून काहीच कळणार नाही. अशा वेळी पाण्यातली चाचणी झाल्यावर इंजिन काही तास उभे ठेवून हाच स्क्रू पुन्हा उघडा. मच्छीमाराच्या इंजिनात सील जाण्याचे सगळ्यांत नेहमीचे कारण म्हणजे पंख्यामागे गुंडाळलेला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, किंवा जाळ्याचा धागा. पिन काढून पंखा उतरवला की तो दिसतो. घट्ट पीळ बसून सीलच्या ओठात रुतलेला असतो. पंखा उतरवलाच आहे तर न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने फिरवून तो डगमगतो का ते पाहा. आणि बसवताना आतल्या बुशीपासून बाहेरच्या पंख्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा. पाण्यातून परत आल्यावर ती रेघ तुटून दोन ठिकाणी दिसली, तर बुशी घसरते आहे. देवबागला जाण्याआधी मला ही युक्ती माहीत असती तर ते पाच तास वाचले असते.

पायावरच जस्ताचा किंवा तशाच मिश्रधातूचा एक तुकडा असतो, ॲनोड, जो खारे पाणी आधी खाते आणि ॲल्युमिनियम वाचते. तो अर्धा खाल्लेला असेल तर उत्तम, तो आपले काम करतो आहे. तो पूर्ण नाहीसा झाला असेल तर त्यानंतर पाण्याने पाय खायला सुरुवात केलेली असते. रंगाखाली फोड आणि खड्डे शोधा, बोटाच्या नखाने दाबून पाहा. ॲनोडवरच रंग मारला असेल तर तो असून नसल्यासारखा, आणि ज्याने रंग मारला त्याने बाकी काय काय रंगाखाली झाकले असेल याचाही विचार करा.

आता झाकण उघडू. इथे पहिला नियम हा की आपण पोचण्याआधी इंजिन चालू केलेले नसावे. विकणाऱ्याला तसे फोनवर सांगा आणि गेल्यावर हात लावून पाहा. गरम इंजिन कोणतेही चालू होते, थंड असताना किती ओढी लागतात हे पाहायचे आहे. चार-पाच महिने उभ्या असलेल्या इंजिनाला सात-आठ ओढी लागल्या तर मी काळजी करत नाही. पंप करून कार्ब्युरेटर भरायला तेवढा वेळ लागतोच.

प्लग काढून शेजारी ठेवा. दोन्ही सारखे, तपकिरी आणि थोडे तेलकट असावेत. एक नेहमीसारखा आणि दुसरा धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरात पाणी शिरून वाफेने तो धुतला जातो आहे, म्हणजे हेड गॅस्केट गेले आहे असे मी धरतो. प्लगवर चांदीसारखे बारीक ठिपके असतील तर ते पिस्टनचे वितळलेले ॲल्युमिनियम आहे आणि तिथेच व्यवहार थांबवावा. मग कॉम्प्रेशन गेज लावा. दोन्ही प्लग बाहेर, बंद करण्याच्या स्विचची लाल दोरी काढलेली, थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवण्याची मूठ, जेवढे उघडेल तेवढे उघडे, आणि काटा थांबेपर्यंत पाच-सहा ओढी. आकडा नेमका किती यावा हे मॉडेलवर आणि गेजवरही ठरते, म्हणून मी दोन सिलिंडरांतल्या फरकाकडे आधी पाहतो; तो दहा टक्क्यांच्या आत हवा. पेट्रोलच्या छोट्या टू-स्ट्रोकमध्ये ९० पीएसआयच्या खाली गेलेले इंजिन मी थकलेले समजतो. मात्र एक अपवाद नीट लक्षात ठेवा. मच्छीमारांकडची काही इंजिने रॉकेलवर चालणारी असतात. ती पेट्रोलवर चालू करून मग रॉकेलवर घेतात, आणि त्यांचे कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेले असते. तिथे कमी आकडा हा दोष नसतो, पण आपल्याला सुटीत पेट्रोलवर चालवायला ते इंजिन योग्यही नाही. मॉडेल कोड तपासायचे हे आणखी एक कारण.

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांना आता एक नवा त्रास आहे, तो म्हणजे इथेनॉल. आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता साधारण २० टक्के इथेनॉल असते, आणि १२ वर्षांपूर्वीची इंजिने फार तर १० टक्के गृहीत धरून बनवलेली होती. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि कोकणातल्या पावसाळ्यात टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलचे खाली पाणी-इथेनॉल आणि वर पेट्रोल असे दोन थर होतात. जुन्या रबरी नळ्या, हातपंपाचा फुगा आणि इंधनपंपाचा पडदा त्याने फुगतात किंवा तडकतात. म्हणून तपासणीला स्वतःचे ताजे पेट्रोल आणि स्वतःची टाकी न्या, आणि इंजिन घेतलेत तर या सगळ्या रबरी वस्तू न बघता बदला. तेल टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे, आउटबोर्डचे घाला. मोटारसायकलचे टू-टी तेल स्वस्त असले तरी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी ते बनवलेले नाही. प्रमाण बहुतेक इंजिनांना ५० ला १, म्हणजे पाच लिटरला १०० मिलिलिटर, पण आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळे असेल तर पुस्तिका प्रमाण माना.

हे इंजिन दाभोळचे आहे म्हणून एक प्रश्न विकणाऱ्याला जरूर विचारा: ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाच्या दिवशी, हे इंजिन कुठे होते? ते वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले आणि दापोली-मंडणगड पट्ट्याला त्याने झोडपून काढले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. वादळात होड्या बुडतात, त्यांच्याबरोबर मागे लावलेली इंजिनेही बुडतात. बुडालेले इंजिन त्याच दिवशी उघडून गोड्या पाण्याने धुतले, तेल घालून फिरवले, तर वाचते आणि पुढे वर्षानुवर्षे चालते. दोन दिवस तसेच राहिले तर क्रँकच्या बेअरिंगला गंज धरतो आणि ते कधीतरी अचानक जाते. फ्लायव्हीलखाली, वायरींच्या जोडांत आणि कॉइलच्या मागे बारीक गाळ किंवा हिरवट गंज दिसतो का ते टॉर्च लावून पाहा. मालक स्वतःहून "बुडाले होते, पण लगेच धुतले" म्हणाला तर मी त्याच्यावर अधिक विश्वास ठेवतो.

एवढे सगळे पटले तरच पाण्यात जा. चाचणी भरतीच्या वेळी घ्या आणि समुद्राच्या दिशेने, म्हणजे भरतीच्या विरुद्ध चालवा. इंजिनावर खरा भार येतो, आणि ते बंद पडले तर पाणी आपल्याला खाडीच्या आत नेते, तोंडाबाहेर नाही. फेरीबोटीची वाट सोडून राहा. वल्ही, नांगर, पुरेशी दोरी आणि प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय धक्का सोडू नका, मालक कितीही अनुभवी असला तरी. चार माणसांएवढे वजन होडीत हवे, आणि किमान अर्धा तास चालवायला हवे; त्यातली दहा मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर.

चालवताना इंजिनाच्या मागून जी पाण्याची धार पडते तिच्याकडे लक्ष ठेवा. ती सुरुवातीपासून अखंड हवी आणि गरम झाल्यावर कोमट लागायला हवी. हात पोळला तर लगेच बंद करा. धार बारीक असेल तर घाबरण्याआधी त्या छिद्रात तंगुसाचा तुकडा घालून पाहा. पडवीत उभ्या राहिलेल्या इंजिनाच्या त्या भोकात कुंभारीण माशी माती भरून घर करते, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे. पूर्ण वेगात पुढच्या गिअरमधून इंजिन उसळी मारून न्यूट्रलमध्ये येत असेल तर गिअरचा क्लच झिजलेला आहे आणि ती दुरुस्ती मोठी आहे. शेवटी इंजिन पाच मिनिटे मंद ठेवा, बंद करा, गरम असतानाच पुन्हा चालू करा. थंड असताना चालू होणारी आणि गरम झाल्यावर रुसणारी इंजिने बहुधा कॉइलच्या किंवा इग्निशन युनिटच्या दोषाची असतात. तो भाग महाग असतो आणि तो दोष गळ टाकून तासभर बसल्यावर, घरी निघताना बाहेर येतो.

परतल्यावर पंख्यावरची रेघ पाहा, आणि इंजिन थोडा वेळ उभे राहू दिल्यावर गिअरचे तेल पुन्हा पाहा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. पट्टीवरचा अनुक्रमांक खरवडलेला किंवा पट्टीच नसलेले इंजिन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. आउटबोर्ड उचलून नेणे सोपे असते आणि चोरीचा माल किनाऱ्याकिनाऱ्याने फिरतो. मूळ बिल असेल तर उत्तम. नसेल तर मालकाच्या ओळखपत्राची प्रत, अनुक्रमांक, मॉडेल आणि रक्कम लिहिलेला, दोन साक्षीदारांचा विक्रीचा कागद करून घ्या. हे इंजिन त्याच्या मासेमारी होडीच्या नोंदणीत दाखवलेले असेल तर तिथून ते कमी करून घेण्याची जबाबदारी त्याच कागदात त्याच्याकडे लिहा. आपल्या होडीला कोणती नोंदणी लागते हे ती मासेमारीची धरली जाते की खाजगी सफरीची यावर ठरते. ते बंदर कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा.

आता ६५ हजार. जवळच्या विक्रेत्याकडून त्याच शक्तीच्या नव्या इंजिनाची आजची किंमत लेखी घ्या. माझा स्वतःचा हिशेब असा की १२ वर्षे खाऱ्या पाण्यात चाललेल्या, पण पाय सहज उतरणाऱ्या, कॉम्प्रेशन सारखे असलेल्या आणि कागद नीट असलेल्या इंजिनाला नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशापर्यंत द्यायला हरकत नाही. त्यातून पाण्याच्या पंपाचा पूर्ण संच, थर्मोस्टॅट, प्लग, कार्ब्युरेटरचा संच, इंधनाच्या नळ्या आणि गिअरचे तेल यांचा खर्च वजा करा, कारण हे सगळे आपल्याला पहिल्याच आठवड्यात करावे लागणार आहे. मेकॅनिककडून त्याचा आकडा आधी घेऊन ठेवला तर घासाघीस करताना मालकालाही ते पटते. तो मच्छीमार आहे, या वस्तूंच्या किमती त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहेत. गंजाने न सुटणारा पाय, दोन सिलिंडरांत मोठा फरक, किंवा तेलात धातूचे टोकदार कण, यांपैकी एकही गोष्ट असेल तर किंमत निम्मी केली तरी नको म्हणा. बाकी सील, बुशी, इम्पेलर, नळ्या यांचे दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत, फक्त ते किमतीत धरा.

नेमके उत्तर देण्यासाठी मला आणखी तीन गोष्टी लागतील: ट्रान्समची मोजलेली उंची, क्लँपच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवरील मॉडेल कोड, आणि पाय जिथे वरच्या दांड्याला जोडला जातो तिथल्या बोल्टांचे दिवसाच्या उजेडात जवळून काढलेले छायाचित्र. अनुक्रमांक सर्वांसमोर टाकू नका, तो झाकून पाठवा. बोल्ट पाहिले की दाभोळला मेकॅनिक नेण्याचा खर्च करावा की नाही, हे मी तेव्हाच सांगू शकेन.